फरक कमी करत नेणारी माणसं

पुण्यात मशीन कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिताना लिनक्सबरोबर आम्ही वर्षानुवर्षं 'प्रीएम्प्ट आरटी' नावाचा पॅच लावत आलो. साधा लिनक्स कामं भराभर उरकतो, पण अमुक काम अमुक मायक्रोसेकंदांत होणारच, याची हमी देत नाही. फिरत्या कटरला ती लागतेच. ती देण्याचा प्रयोग 2004च्या सुमारास इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर वगैरे मंडळींनी हाती घेतला. मुख्य लिनक्समध्ये तो पुरता सामावला 2024 साली, 6.12 या आवृत्तीत.

मधली वीस वर्षं तो बाहेर राहून टिकला कसा, हे मला फार मोलाचं वाटतं. लिनक्सची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते, हजारो बदल घेऊन. तेवढ्यात जुन्या आवृत्तीवर बेतलेला पॅच बसेनासा होतो. एकाच ओळीला दोघांनी हात लावला असेल तर गिट 'कॉन्फ्लिक्ट' दाखवून थांबतं. वेळ जातो, पण निदान कुठं बघायचं ते कळतं.

गुपचूप जुळतं, त्याची भीती जास्त. साध्या लिनक्समध्ये 'स्पिनलॉक' मिळेपर्यंत प्रोसेसर जागीच घिरट्या घालतो, झोपत नाही. आरटीमध्ये बहुतेक स्पिनलॉकवर थांबलेलं काम झोपू शकतं, म्हणजे तातडीच्या कामाला प्रोसेसर मोकळा मिळतो. आता मुख्य प्रकल्पात कुणी आधी इंटरप्ट बंद करून मग असा लॉक घेणाऱ्या दोन ओळी लिहिल्या. तिथं त्या अगदी बरोबर. आमच्याकडे कॉन्फ्लिक्ट नाही, कंपाइलही होतं, पण इंटरप्ट बंद असताना झोपणं चालत नाही, म्हणून मशीन चालू झाल्यावर लॉगमध्ये उमटतं: 'स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट'. म्हणून मर्ज झालं म्हणजे जुळलं, असं मी कधीच धरत नाही. टेस्ट दर वेळी, खऱ्या बोर्डावर.

आरटीवाल्यांनी नुसती जुळवाजुळव केली असती तर ते दमले असते. त्यांनी फरकच कमी करत नेला. म्युटेक्स, हाय रिझोल्यूशन टायमर, लॉकमधल्या चुका पकडणारं लॉकडेप, एफट्रेस: आरटीच्या कामातून निघालेल्या या गोष्टी एकेक करून मुख्य लिनक्समध्ये गेल्या आणि ज्यांना आरटीशी देणंघेणं नाही त्यांच्याही कामी आल्या. आत गेलेला तुकडा पुन्हा जुळवत बसावं लागत नाही. कुणाच्या बदलानं तो मोडला तर निस्तरायचं त्यानंच. शेवटी अडलं ते कर्नलचे संदेश छापणाऱ्या 'प्रिंटके'पाशी. त्याची फेररचना कित्येक वर्षं चालली.

6.12मध्ये आरटीची सोय एक्स86, आर्म64 आणि रिस्क-व्हीला मिळाली. 32 बिट आर्म मात्र तेव्हा राहिलं, आणि आमचे जुने बोर्ड नेमके तेच.