नर्सिंगची परीक्षा आणि रिकामे पोट

परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन मी मुलुंडला राहते. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेबद्दल विचारायला ओळखीच्या मुली घरी येतात. त्यातल्याच एकीची ही हकीकत. गावी बारावी झालेली ही मुलगी घाटकोपरला मामांकडे राहून अभ्यास करीत होती. रात्री दोनपर्यंत जागरण, सकाळी नुसता चहा-बिस्किट आणि दिवसभर जीवशास्त्राचे पाठांतर. एके दिवशी स्टेशनचा जिना चढताना तिला भोवळ आली. मामी म्हणाल्या, "अभ्यासाचं टेन्शन, दुसरं काय!"

मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक होती. रक्त तपासायला लावले तर हिमोग्लोबिन नऊ निघाले. स्त्रियांमध्ये ते किमान बारा असावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. रक्त कमी असले की थकवा येतो, धाप लागते, वाचलेले लक्षात राहत नाही. घरचे मात्र त्याला आळस म्हणतात.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. आहारात पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये आली. जेवणात लिंबू पिळायचे आणि जेवणाला लागून चहा घ्यायचा नाही, हे मी बजावले. लिंबातील 'क' जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह चांगले शोषले जाते, चहामुळे ते कमी शोषले जाते. शिवाय रात्री अकराला दिवा बंद.

मग अभ्यासाकडे वळलो. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल यांना प्रत्येकी २० गुण असतात. आमची मुलगी जीवशास्त्रातच बुडालेली. इंग्रजीला घाबरून आणि 'कल' म्हणजे काय हे न कळून ती ४० गुण जवळजवळ सोडूनच देणार होती.

मी तिला विचारले, "एका रुग्णाने पाणी मागितले. तेवढ्यात दुसऱ्याच्या छातीत दुखून श्वास अडकू लागला. आधी कोणाकडे जाशील?"

ती म्हणाली, "ज्यांनी आधी हाक मारली त्यांच्याकडे."

"अगं, वॉर्डात रेशनची रांग नसते," मी म्हटले. ती हसली, पण मुद्दा तिला कळला.

इंग्रजीसाठी रोज औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचायला लावला. त्यातूनच हिशेबही केले. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असेल आणि २५० द्यायचे असेल, तर किती मिलिलिटर? दहा. परीक्षेत चुकले तर गुण जातो, वॉर्डात चुकले तर रुग्णाच्या जिवावर बेतते.

पालकांना दोन गोष्टी सांगते. मुलगी डॉक्टर होऊ शकली नाही म्हणून 'निदान नर्स तरी' असे तिच्यासमोर म्हणू नका. हे वेगळे आणि स्वतंत्र शास्त्र आहे. दुसरे असे, की कोणाच्या शब्दावर पैसे भरू नका. शासनाच्या प्रवेशप्रक्रियेत त्या महाविद्यालयाचे नाव आहे का, हे आधी पाहा. विज्ञान शाखा नसली तरी निराश होऊ नका. तीन वर्षांच्या जी.एन.एम. अभ्यासक्रमाला इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही जाता येते. मात्र बारावीला इंग्रजी विषय आणि पुरेसे गुण लागतात.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा भेटायला आली तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या पापण्या पाहिल्या. छान गुलाबी होत्या. म्हणाली, "मावशी, रात्रपाळीला जाताना आधी जेवते, मगच निघते."

तुमच्या घरी परीक्षेला बसणारी मुलगी असेल, तर पुस्तकांबरोबर तिचे ताटही पाहा. आणि एकदा तिचे रक्त तपासून घ्या.