झिरकोनियमच्या आड दडलेले मूलद्रव्य

अणूतील इलेक्ट्रॉन वाढले की अणू मोठा होतो का? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेकजण 'हो' म्हणून मोकळे होतात. आवर्तसारणी काय म्हणते? सोडियम, मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांच्या अणूंची त्रिज्या अनुक्रमे 1.86, 1.60 व 1.43 अँगस्ट्रॉम आहे. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) इलेक्ट्रॉन वाढले, अणू मात्र आक्रसला! कारण केंद्रकातील प्रोटॉनही एकेकाने वाढतात आणि नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतो. एकाच कवचातले इलेक्ट्रॉन परस्परांना केंद्रकाच्या ओढीपासून फारसा आडोसा देत नाहीत.

उभ्या स्तंभात उतरताना दर पायरीला नवे कवच येते, म्हणून अणू वाढतो. लिथियम 1.52, सोडियम 1.86, पोटॅशियम 2.27. आता टायटॅनियमचा स्तंभ घ्या. टायटॅनियम 1.47, त्याखाली झिरकोनियम 1.60. त्याखालचे हाफ्नियम किती असावे? 1.59!

हे कसे घडले? टायटॅनियमपासून झिरकोनियमपर्यंत अणुक्रमांक 18 ने वाढतो, तर तेथून हाफ्नियमपर्यंत 32 ने. हे जादा 14 इलेक्ट्रॉन आतल्या एका उपकवचात जाऊन बसतात, आणि आडोशाच्या कामी ते फारच कच्चे! 14 जादा प्रोटॉनांची ओढ बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना जाणवते. लँथॅनमची त्रिज्या 1.87, तर ल्युटेशियमची 1.73 च उरते. यालाच 'लँथॅनाइड आकुंचन' म्हणतात. नव्या कवचाने दिलेली वाढ या आकुंचनाने पुसून टाकली.

आकार सारखा, बाहेरचे इलेक्ट्रॉन सारखे. मग रासायनिक वागणूकही सारखीच. क्लाप्रोथने 1789 साली झिरकॉन खनिजात झिरकोनियम शोधले. त्याच खनिजात हाफ्नियमही होते, पण ते ओळखू यायला 1923 साल उजाडावे लागले! बोर यांच्या सिद्धांतानुसार 72 क्रमांकाचे मूलद्रव्य झिरकोनियमसारखे असायला हवे होते. म्हणून कोपनहेगनला कॉस्टर आणि हेवेशी यांनी झिरकोनियमच्या खनिजांचेच क्ष-किरण वर्णपट घेतले, आणि त्यांत त्याच्या रेषा सापडल्या. शहराच्या 'हाफ्निया' या लॅटिन नावावरून त्याचे बारसे झाले.

हे साम्य अणुभट्टीवाल्यांना मात्र फार त्रासाचे. तारापूरच्या भट्ट्यांत युरेनियम इंधन झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात, कारण झिरकोनियम न्यूट्रॉन जवळजवळ शोषतच नाही. हाफ्नियम मात्र मंद न्यूट्रॉन त्याच्या पाचशेपटींहून अधिक शोषते! न्यूट्रॉन शोषणे हे केंद्रकाचे काम, तेथे अणूच्या आकाराचे काही चालत नाही. त्यामुळे नळ्या करण्यापूर्वी हाफ्नियम वेगळे काढावेच लागते. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये त्यासाठी एका सेंद्रिय द्रावकाची मदत घेतात. आम्लयुक्त द्रावणातून हा द्रावक झिरकोनियम थोडे अधिक उचलतो, हाफ्नियम थोडे कमी. एकदा ढवळून भागत नाही. हीच क्रिया टप्प्याटप्प्याने पुनःपुन्हा करावी लागते. आणि वेगळे काढलेले हाफ्नियम? तेही वाया जात नाही. न्यूट्रॉन गिळण्याच्या त्याच्या खोडीमुळे काही अणुभट्ट्यांत त्याचे नियंत्रक दांडे करतात.