पेवातला साठा, तक्त्यातला आकडा

सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीच्या पोटात पेवं खणलेली होती. तोंड अरुंद, आत ऐसपैस. हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की हवा बंद, कीड बंद. माल वर्षानुवर्षं टिकायचा. उघडलं तरी लगेच आत उतरायची सोय नाही, कारण आतली हवा जीवघेणी झालेली असते. 2005 च्या महापुरानं यातली बरीच पेवं निकामी केली. पण पेवांनी मालाबरोबर आणखी एक गोष्ट झाकली होती, ती म्हणजे साठ्याची माहिती. कुणाच्या पेवात किती माल आहे, हे ज्याला ठाऊक तो भावात वरचढ. वाई-कोरेगावचा शेतकरी शिजवून, वाळवून, पॉलिश करून हळद सौद्याला आणायचा, तेव्हा त्याच्या हाती असायचा फक्त कालचा भाव.

सांगलीला वायदाही नवा नाही. हळदीच्या वायद्यांसाठी इथे ‘स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज’ हा स्वतःचा बाजार होता. अशा बाजारांवर देखरेख ठेवणारा वायदे बाजार आयोग 1953 साली मुंबईत सुरू झाला आणि 28 सप्टेंबर 2015 रोजी ‘सेबी’त विलीन झाला. शेअर बाजाराच्या नियामकाकडे हळदही आली ती अशी. आज हळदीचा वायदा एनसीडीईएक्स या कमोडिटी बाजारात चालतो. त्याचा पायाभूत भाव निजामाबादचा. सांगली हे माल पोचवण्याचं जादा केंद्र.

सेबीचं नाव निघतं ते दंड आणि बंदीच्या बातम्यांत. तिचं दुसरं काम गाजावाजा न होता चालतं: आकडे गोळा करणं आणि ते सर्वांसाठी खुले करणं. दरमहा बुलेटिन निघतं, त्यात शेअर बाजाराइतकीच कमोडिटीची उलाढाल मांडलेली असते. एनसीडीईएक्सच्या संकेतस्थळावर रोजचे भाव, खुले (अजून न मिटलेले) सौदे आणि मान्यताप्राप्त गोदामांतला साठा पाहायला मिळतो. म्हणजे पेवातलं गुपित, निदान त्या गोदामांपुरतं, तक्त्यावर आलं आहे.

तक्ता वाचायचा कसा? भाव चढतोय आणि खुले सौदेही वाढताहेत, तर नवा पैसा येतोय. भाव चढतोय पण सौदे घटताहेत, तर आधी विकून बसलेले घाईनं सौदे कापताहेत. अशी तेजी फार टिकेलच असं नाही. एप्रिल 2023 मध्ये सात हजारांच्या आसपास असलेला हळदीचा वायदा ऑगस्टच्या सुरुवातीला क्विंटलला पंधरा हजारांपुढे गेला. अशा वेळी विकायचं की थांबायचं, याचा अंदाज नुसत्या भावावरून येत नाही.

सेबीच्या आदेशानं 2019 पासून सौदे कुणाचे, हेही जाहीर होतं: शेतकरी व त्यांच्या उत्पादक कंपन्या, व्यापारी-प्रक्रियादार, स्वतःच्या खात्यावर खेळणारे दलाल, वित्तसंस्था, इतर. यातली शेतकऱ्यांची ओळ सहसा अगदी किरकोळ असते.

संशोधनातून नियम कसा बदलतो, हे सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात दिसलं. शेअर बाजाराच्या वायदे-ऑप्शनमध्ये तीन वर्षांत 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर, माणशी सरासरी सुमारे दोन लाख. 2023-24 मधले 72 टक्क्यांहून अधिक ट्रेडर पहिल्या तीस शहरांबाहेरचे होते, म्हणजे सातारा-सांगलीसारख्या ठिकाणचे. पुढच्याच महिन्यात सेबीनं निर्देशांकाच्या सौद्याचं किमान मूल्य 15 लाखांवर नेलं आणि आठवडी एक्स्पायरी प्रत्येक बाजाराला एकाच निर्देशांकापुरती ठेवली.

या आकड्यांना मर्यादाही आहेत. बहुतेक मजकूर इंग्रजीत. निजामाबादचा भाव म्हणजे सांगलीच्या राजापुरी हळदीचा भाव नव्हे. बाजाराबाहेर चालणारं बेकायदा डब्बा ट्रेडिंग कुठल्याच तक्त्यात येत नाही. आणि वायद्यासाठी आगाऊ ठेवावी लागणारी मार्जिनची रक्कम एकट्या शेतकऱ्याला पेलणारी नसते. ती भरण्याइतकं बळ उत्पादक कंपनीतच येऊ शकतं. सेबी तक्ता आखून देते, पण त्यातली शेतकऱ्यांची ओळ भरायची तर ते काम वाई, कोरेगाव, मिरजेच्या उत्पादक कंपन्यांनाच करावं लागेल.