अडगळीतील संगणकाचा दप्तरखाना
सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील जळकोटसारख्या गावात, जेथे विजेची ये-जा गृहीतच धरावी लागते, तेथे अडगळीतील जुन्या संगणकास घरची छायाचित्रे, लग्नाच्या चित्रफिती आणि कागदपत्रे यांचा दप्तरखाना करावयाचा, तर प्रथम यूपीएसची तजवीज करावी. कारण लिहिणे चालू असता वीज गेल्यास फाइली भ्रष्ट होण्याचा संभव असतो. प्रोसेसर जुना चालेल. हार्डडिस्क मात्र, माझ्या मते, नवीच घ्यावी. ओपनमीडियाव्हॉल्ट ही विनामूल्य प्रणाली साठवण सांभाळते, आणि २०१८ साली एम्बी या मीडिया-सर्व्हर प्रणालीपासून विभक्त झालेली जेलीफिन ही प्रणाली चित्रफिती घरातल्या टीव्हीवर, इंटरनेट बंद असतानाही, दाखविते. दोन डिस्कांवर एकच मजकूर उमटविणाऱ्या रेड-१ रचनेवर पुष्कळ जण विसंबतात. परंतु चुकून पुसलेली फाइल ती दोन्हीकडून तितक्याच तत्परतेने पुसते, म्हणून आणखी एक प्रत निराळ्या डिस्कवर, शक्यतो नातलगाच्या घरी, ठेवावी.