सक्तीच्या प्रशिक्षणाने काय साधतं?

फिलाडेल्फियातल्या स्टारबक्समध्ये एकाची वाट पाहत बसलेल्या दोन कृष्णवर्णीय पुरुषांना एप्रिल २०१८मध्ये पोलिसांनी बेड्या घातल्या. २९ मे रोजी कंपनीने अमेरिकेतली ८,०००हून अधिक दुकानं दुपारी बंद ठेवून कर्मचाऱ्यांना वंशभेदावर प्रशिक्षण दिलं. अशाने कामाच्या जागी काही बदलतं का, यावरच वाद आहे.

फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी ८००हून अधिक अमेरिकी कंपन्यांची तीन दशकांची आकडेवारी तपासली. असं प्रशिक्षण सक्तीचं केलेल्या कंपन्यांत पाच वर्षांनी व्यवस्थापकांमधलं कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण उलट सरासरी ९ टक्क्यांनी घटलं होतं. सक्ती झाली की माणसं अडून बसतात. म्हणून भेदभाव रोखण्याचे सगळे कार्यक्रमच गुंडाळा, हे मात्र मला पटत नाही. वरिष्ठांनी कनिष्ठांना हाताशी धरून घडवण्याच्या योजनांनी हेच प्रमाण वाढल्याचं डॉबिन आणि कालेव्ह यांनाच आढळलं.