उड्डाण पुन्हा पुन्हा

तानसा अभयारण्यातल्या माहुलीगडावर चढताना वरच्या टप्प्यात लोखंडी शिडी लागते. चांगले धडधाकट लोक तिथे थबकतात. गज घट्ट धरलेला, तळवे घामाने ओले, पाय मात्र उचलत नाही. कुणी तिथूनच माघारी फिरतो. फिरताच जिवाला हायसं वाटतं, आणि नेमकं तेच नडतं. टाळलं म्हणून वाचलो, हे मनात पक्कं बसतं. पुढच्या खेपेला भीती आणखी लवकर गाठते.

विमानाच्या भीतीचंही असंच. लेक परदेशात, तिला बाळ झालेलं, तिकीट काढलेलं, तरी आईचा पाय घराबाहेर पडत नाही. रस्त्यापेक्षा विमान कितीतरी सुरक्षित, हे पटूनही छातीतली धडधड थांबत नाही. अशा माणसाला भित्रट म्हणून हिणवणं अन्यायाचं आहे.

उपाय जुना आहे: ज्याची भीती, त्याच्यासमोर टप्प्याटप्प्याने जायचं आणि ती ओसरेपर्यंत तिथून हलायचं नाही. शिडी दहादा चढता येते. एका माणसासाठी विमान दहादा कोण उडवणार? इथे व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव, कामी येतं. अटलांटातल्या बार्बरा रॉथबाम आणि लॅरी हॉजेस यांनी १९९५ मध्ये उंचीला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना संगणकातले पूल, गच्च्या आणि काचेची लिफ्ट दाखवली. त्यांची भीती कमी झाली. मग विमानाची पाळी आली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींना विमानतळावरच्या खऱ्या विमानात नेलं, काहींना व्हीआरमधल्या. दोन्ही गट सारखेच सुधारले. सहा महिन्यांनी दोन्हींतले ९३ टक्के लोक विमानाने जाऊन आले होते.

उपचारात डोळ्यांवर हेडसेट चढतो. खिडकीबाहेर धावपट्टी सरकू लागते, इंजिनाची घरघर वाढते, खुर्चीखालच्या स्पीकरने बूड हादरतं. ‘आता किती?’ समुपदेशक विचारतात. शून्य ते शंभरमध्ये भीतीचा आकडा सांगायचा. ‘ऐंशी.’ मग तेच उड्डाण पुन्हा, आणखी एकदा, आकडा उतरेपर्यंत. वादळातलं विमान त्यानंतर.

नुसता हेडसेट विकत आणून मात्र भागत नाही. कधी थांबायचं, कधी पुढची पायरी घ्यायची, हे जाणकारानेच ठरवायचं. काहींना हेडसेटने गरगरतं, मळमळतं. फिट येणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. शहापूर-मुरबाडकरांना सुरुवात फोनवरूनही करता येईल: सरकारच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशक मोफत बोलतात, मराठीतूनही.