रेषा आणि भिंत यांच्यामध्ये

बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मैदान 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असते, आणि ते आखणाऱ्या पाच सेंटिमीटर रुंदीच्या रेषा या मापात धरल्या जात नाहीत. त्यामुळे रेषेला पाय लागला की खेळाडू मैदानाबाहेर गेला असे मानले जाते. नियमाच्या दृष्टीने खेळ तेथे थांबतो, शरीर मात्र थांबत नाही. बाहेर जाणारा चेंडू वाचवण्यासाठी झेपावलेला किंवा रिंगखाली उडी मारून खाली उतरलेला खेळाडू रेषेपलीकडे आणखी काही पावले जातोच, आणि तेथे त्याला मोकळी फरशी मिळते की भिंत, हे त्या क्रीडागृहाच्या बांधकामावर अवलंबून असते. याच पट्टीत सामन्याचा पूर्ण वेळ वावरणारा माणूस म्हणजे पंच होय. खेळाडू तेथे क्षणभर येतो. पंचाची कामाची जागाच ती आहे.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, म्हणजेच फिबा, या पट्टीत मैदानापासून किमान दोन मीटरपर्यंत कोणताही अडथळा नसावा असे सांगतो, आणि बाकावर बसलेले राखीव खेळाडूही त्यात अडथळाच समजले जातात. अमेरिकेतील शालेय सामने मात्र तेथील राज्य शालेय संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी खेळवले जातात, आणि त्यांत किमान तीन फूट व शक्यतो दहा फूट मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. तीन आणि दहा यांच्यातील हे अंतर बोलके आहे, कारण शाळांकडे प्रत्यक्षात काय आहे आणि वस्तुतः काय असायला हवे होते, हे दोन्ही एकाच वाक्यात मान्य करणारा नियम विरळाच. वेगाने धावणारा खेळाडू सेकंदाला सहज पाच मीटर अंतर कापतो. म्हणजे तीन फूट, अर्थात सुमारे 91 सेंटिमीटर, तो सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वेळात ओलांडतो, आणि समोर आलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला माणसाच्या मेंदूला साधारण तेवढाच वेळ लागतो. त्याने पूर्ण जोर लावून, म्हणजे सेकंदागणिक पाच मीटरने वेग घटवत पाय रोवले, तरी थांबण्यासाठी अडीच मीटर लागतात. तीन फुटांच्या पट्टीत उरलेला वेग कोणी तरी झेलावा लागतो, आणि तो भिंत झेलते, बाकावरचा मुलगा झेलतो किंवा पंच.

हा खेळ बाहेरच्या मैदानावरून आत आलेला नाही, त्याचा जन्मच चार भिंतींत झाला. डिसेंबर 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या टांगल्या. तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंगची उंची आजही दहा फूट, म्हणजे 3.05 मीटर आहे. नेस्मिथ यांच्या मूळ 13 नियमांनुसार बाहेर गेलेला चेंडू ज्याच्या हाती प्रथम लागेल त्याच्या संघाला मिळत असे, त्यामुळे चेंडू बाहेर गेला की खेळाडू भिंतीवर, दारांवर आणि प्रसंगी सज्जाच्या जिन्यावर तुटून पडत. शेवटचा स्पर्श ज्या संघाचा त्याच्या प्रतिस्पर्ध्याला चेंडू देण्याचा आजचा नियम 1913 मध्ये आला, आणि या पट्टीतील हाणामारी त्याने जितकी कमी केली तितकी दुसऱ्या कशानेही केली नसेल. त्याआधीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही व्यावसायिक संघांनी मैदानाभोवती तारेची जाळी उभारण्याचा उपाय शोधला होता. जाळीमुळे चेंडू बाहेर जाणे थांबले, पण खेळाडू जाळीवर आदळून ओरबाडले जाऊ लागले. अमेरिकेतील इंग्रजी वर्तमानपत्रे बास्केटबॉलपटूंना त्यानंतरही अनेक दशके ‘केजर’, म्हणजे पिंजऱ्यातले, म्हणत राहिली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील लहान गावांच्या शाळांनी जी क्रीडागृहे बांधली, त्यांत व्यायाम, नाटक, जेवण आणि सभा ही सारी कामे एकाच दालनावर सोपवलेली असत. परिणामी मैदानाच्या एका बाजूला रंगमंचाची उंच कड येते, दुसऱ्या बाजूला भिंतीत सरकवून ठेवलेले पायऱ्यापायऱ्यांचे बाक असतात, आणि सामन्याच्या दिवशी ते बाहेर ओढले की पहिल्या रांगेतील प्रेक्षकांचे गुडघे रेषेला भिडतात. इंडियाना राज्यातील नाइट्सटाउनचे जुने क्रीडागृह 1986 च्या ‘हूजियर्स’ या चित्रपटामुळे जगाला दिसले आणि आज त्याकडे प्रेमाने पाहिले जाते. असे प्रेम प्रेक्षकाला परवडते, त्या दालनात शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्याला तितकेसे नाही.

जेथे तीन फूटही मिळत नाहीत तेथे अमेरिकी शालेय नियमांनी एक तोड काढली आहे. अशा बाजूला मूळ रेषेपासून तीन फूट आत, तिला समांतर अशी तुटक रेषा आखली जाते. एरवी तिला काही अर्थ नसतो, पण चेंडू बाहेरून आत फेकण्याच्या वेळी, म्हणजे थ्रो-इनच्या वेळी, तीच त्या बाजूची सीमारेषा ठरते, आणि चेंडू तिच्यावरून आत येईपर्यंत बचाव करणाऱ्याला तिच्यामागे राहावे लागते. फिबाच्या नियमांतही मागे दोन मीटरहून कमी जागा असेल तर फेकणाऱ्यापासून इतरांनी किमान एक मीटर दूर राहावे अशी तरतूद आहे. या दोन्ही नियमांनी स्थिर चेंडूचा प्रश्न सुटतो. धावत्या खेळाचा सुटत नाही.

धावत्या खेळात पंचांची कोंडी कशी होते हे समजण्यासाठी त्यांच्या जागा समजून घ्याव्या लागतात. शालेय सामन्यांत बहुधा दोन पंच असतात, मोठ्या सामन्यांत तीन. चढाई करणाऱ्या संघाच्या पुढे जाऊन रिंगमागच्या अंत्यरेषेबाहेर उभा राहणारा तो लीड, आणि खेळाच्या मागून बाजूरेषेलगत येणारा तो ट्रेल. लीडचे सारे कौशल्य अंतरावर आणि कोनावर अवलंबून असते, कारण दोन खेळाडूंच्या अंगांमधली फट दिसली तरच धक्का कोणी दिला हे कळते; पंच त्यांच्या सरळ रेषेत आला तर त्याला फक्त एक पाठ दिसते. प्रशस्त सभागृहात तो रेषेपासून एक-दोन पावले मागे सरकून ही फट मोकळी करतो. मागे भिंत असेल तर मात्र त्याला रेषेवरच अंग चोरून उभे राहावे लागते, आणि मग जवळचे मोठे दिसते व दूरचे झाकले जाते. मागे जाता येत नसेल तर बाजूला, कोपऱ्याच्या दिशेने सरकावे, हा त्यावरचा अनुभवी पंचांचा मार्ग आहे, कारण कोन रुंदीतूनही मिळतो. बाजूरेषेवरचा ट्रेल याच्या उलट वागतो: समोरून झुंड येताना दिसली की मागच्या बाकांमध्ये शिरण्याऐवजी तो वेळीच दोन पावले मैदानात येतो आणि खेळाडूंना आपल्या मागून जाऊ देतो.

मैदानात उभ्या राहिलेल्या पंचाला चेंडू लागला तर खेळ थांबत नाही. पंच जेथे उभा आहे तेथील जमिनीलाच चेंडू लागला असे नियम मानतो. म्हणून रेषेच्या आत असलेल्या पंचाच्या खांद्याला लागलेला चेंडू जिवंत राहतो आणि रेषेवर पाय असलेल्या पंचाला लागलेला बाहेर जातो. अरुंद जागेत पाऊलभर सरकणे हा अशा रीतीने सुरक्षिततेचा निर्णय असतो, तसाच सामन्याच्या निकालावर परिणाम करू शकणाराही.

उलटे धावणे, म्हणजे खेळाकडे तोंड ठेवून पाठीमागे पळणे, ही पंचांची जुनी सवय अशा दालनात सर्वांत महागात पडते. त्यापेक्षा अंग तिरके ठेवून, मान वळवून पुढे धावणे बरे. गळ्यात अडकवलेल्या शिट्टीची दोरी झटका बसताच सुटणारी असावी, कारण तिच्यात एखाद्या खेळाडूची बोटे अडकू शकतात. सामन्यापूर्वी मैदान आणि साहित्य तपासून मान्य करण्याचा अधिकार दोन्ही नियमपुस्तके मुख्य पंचाला देतात, आणि तो केवळ चेंडूची हवा पाहण्यापुरता नाही. मैदानाभोवती एक फेरी मारली तर दाराची बाहेर आलेली मूठ, उघड्या दारातून आत आलेला पावसाचा ओलावा, बाकाखाली न सरकवलेल्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या, रिंगखाली मांडी घालून बसलेले छायाचित्रकार हे सारे दिसते. हे हटवण्याची विनंती खेळ सुरू होण्यापूर्वी यजमान शाळेच्या व्यवस्थापकाला केली तर ती सहज मानली जाते. चढाओढीच्या चौथ्या सत्रात तीच विनंती पक्षपात वाटते. अमेरिकी शालेय नियम प्रशिक्षकाला बाजूरेषेबाहेर 28 फुटांपर्यंतच्या चौकटीत उभे राहू देतात, आणि तीन फुटांच्या पट्टीत ही चौकट व ट्रेलची वाट एकच होते.

भिंतीवरच्या गाद्या उपयोगी असतात, पण त्या जागेची भरपाई करत नाहीत, कारण काही सेंटिमीटरचा फेस सेकंदाला तीन-चार मीटरचा वेग हळुवारपणे जिरवू शकत नाही. फिबाच्या नियमांनुसार फळा तोलणारा सांगाडा अंत्यरेषेपासून दोन मीटर दूर, ठळक रंगाचा आणि गादीने मढवलेला असावा लागतो. तरीही 1 ऑगस्ट 2014 रोजी लास व्हेगास येथे अमेरिकी संघाच्या सराव सामन्यात पॉल जॉर्ज उडी मारून उतरला तो सांगाड्याच्या पायथ्याशी, आणि त्याच्या पायाची हाडे मोडली. तेथे तर जागेची वा पैशाची चणचण नव्हती.

महाराष्ट्रात बास्केटबॉल अजूनही मोठ्या प्रमाणावर उघड्यावर, सिमेंटच्या मैदानांवर खेळला जातो, आणि तेथे भिंतीची जागा शाळेचे कुंपण, पावसाळी पाण्याची उघडी नाली आणि काँक्रीटमध्ये रोवलेला लोखंडी खांब घेतात. बंदिस्त बहुउद्देशीय सभागृहांचा प्रश्न वेगळा आहे. बॅडमिंटनचे मैदान 13.40 गुणिले 6.10 मीटरचे असते, व्हॉलीबॉलचे 18 गुणिले 9 आणि पुरुषांच्या कबड्डीचे 13 गुणिले 10; या खेळांना पुरणाऱ्या दालनात बास्केटबॉल कोंबला की चारही बाजूंना उरते ती केवळ चालायची जागा.

यावर सर्वांत स्वस्त उपाय रंगाचा आहे: बाजूरेषा आत घेऊन मैदानच अरुंद करणे. काही वर्षांपूर्वीपर्यंत फिबाच्या नियमांतही राष्ट्रीय संघटनांना 26 गुणिले 14 मीटरची अस्तित्वातील मैदाने मान्य करण्याची मुभा होती. या उपायाला विरोध होतो तो तीन गुणांच्या रेषेपायी, कारण फिबाच्या आखणीत ती कोपऱ्यात बाजूरेषेपासून फक्त 90 सेंटिमीटर असते आणि दोन्ही बाजूंनी अर्धा मीटर आत आले तर तेथे 40 सेंटिमीटरच उरतात, जेथे बूट आडवा ठेवूनच उभे राहता येईल. अमेरिकी शालेय मैदानात मात्र ही रेषा बाजूरेषेपासून सव्वापाच फुटांवर आहे. 50 फूट रुंदीतून दोन्हीकडचे दोन-दोन फूट काढले तरी कोपऱ्यातल्या नेमबाजाला तीन फुटांहून थोडी अधिक जागा राहते, आणि पंचालाही भिंतीपासून तितकेच दोन फूट जास्त मिळतात.